पाणी पिकायचं आहे

देवपुरात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी येतं.
त्याच आठवड्यात मी आरओचे तीन जार विकत आणले
आणि साठ लिटर गोड्या पाण्यात
दोन किलो शंभर ग्रॅम मीठ कालवलं.
नवी बादली, लाकडी उलथणं,
वजनकाटा लॅबमधून एका रात्रीच्या बोलीवर.
वेणूताई दारातूनच म्हणाल्या,
लोणचं घालतेस का गं, एवढ्या लवकर?

मीठ सुरतेचं. वाळू सुरतेची.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात किलो खडक
रात्रीच्या बसच्या डिकीतून
कोंडाईबारीचा घाट चढून आले.
क्लीनरने खोकं नाकापासून लांब धरलं:
ताई, यात काही मेलंय का?
हो, थोडं मेलंय. थोडं जिवंत आहे.
दोन्ही लागतं म्हणे.

जयंतीभाई फोनवर सांगतात,
बेन, मासा अजून नको. आधी पाणी.
पाणी तर भरलं.
भरलं ना? आता पिकू द्या.

केळी पिकताना पाहिलीत मी, सावद्याला, मामाकडे,
बंद खोलीत, घडांवर घड,
दार उघडलं की वास अंगावर यायचा.
पाणी काय वासाने पिकतं?
कान लावून ऐकलं. पंप तेवढा घरघरत होता.

दिवसभर मी लोकांच्या रक्ताचे, लघवीचे रंग वाचते.
घरी आल्यावर तेच.
पाच मिली पाणी, आठ थेंब, झाकण लावून हलवायचं,
खिडकीच्या उजेडात धरायचं.
पिवळं हवं. येतं पोपटी,
मग हिरवं, मग असं हिरवं
की मासा असता तर संपला असता.
वहीत लिहिते: पेशंट, टाकी.
वय, अकरा दिवस.
उपाशी की जेवून, ते लागू नाही.

घनता हवी एक पूर्णांक शून्य दोन पाच.
हा आकडा मी मे महिन्यात रोज टाइप करते,
वीटभट्टीवरच्यांच्या, ट्रकवाल्यांच्या,
पाणी पुरवून पुरवून पिणाऱ्या बायांच्या रिपोर्टवर.
मोजायची पट्टी वेगळी, मला ठाऊक आहे.
तरी त्या दिवशी एका बाईचा कागद देताना
हात जरा थांबला.
जास्त पाणी पीत जा, म्हटलं.
ती म्हणाली, कोठलं?

दुपारी लाइट जाते. टाकीचं पाणी बत्तीसवर चढतं.
मी फ्रीजमधल्या गोठलेल्या बाटल्या सोडते,
त्या काचेला टकटक करत फिरतात.
रोज दोन बोटं पाणी उडतं,
मीठ मात्र उडत नाही, कडेला पांढरं चढून बसतं.
म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी.
तांब्याभर, पट्टीपर्यंत.
हे मी वेणूताईंना सांगितलेलं नाही.

आठव्या दिवशी हिलाल व्हॉल्व्ह सोडायला आला,
लोखंडी चावी खांद्यावर, चपला बाहेर.
बावीस वर्षं गावाला पाणी सोडतो,
समुद्र काही पाहिला नाही.
टाकीत बोट बुडवून चाटलं.
खारं शे व माय!
मग वाकून, काचेला नाक लावून, बराच वेळ:
इतलं पानी, न मासा एक बी नही?
मी म्हटलं, पिकायचं आहे अजून.
त्याने मान हलवली, जणू हे त्याला रोजचंच.

अडतिसाव्या दिवशी नळी पिवळी आली.
दुसरी निळी, जशी हवी तशी.
जयंतीभाईंना लगेच फोन.
ते हसले. बेन, आता ऊन बघा धुळ्याचं.
बसमध्ये उकडून मरतील बिचारे.
मृग लागू द्या, पाठवतो जोडी.

रात्री दिवे बंद करून
मोबाइलचा उजेड खडकावर धरला, उगाच.
एका भोकातून केसाएवढा हात बाहेर आला,
वाळू चाचपली,
उजेड लागताच आत गेला.
कोण, कुठला, सुरतेहून कधी बसला गाडीत,
हिरव्या दिवसांत कुठे होता,
कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं.

वही उघडली.
माशांच्या रकान्यात शून्य खोडून
काय लिहावं कळेना.
शेवटी लिहिलं, एक.
पुढे प्रश्नचिन्ह.